शिंपल्यांच्या चुन्याचे साठ तास

रंभा, आधी तो पंखा बंद कर, नाहीतर वहीतल्या चकत्या उडतील. सात वर्षांपूर्वीचा डिंक आहे, कधीच सुकलाय. आणि रघु, तू चहाचा कप लांब ठेव. नाही, हसू नकोस, ही साधी वही नाहीये. यात छप्पन्न अर्ध्या चकत्या आहेत, फिल्टर पेपरच्या, कात्रीने मधोमध कापलेल्या. काल मी वागळे इस्टेटला गेलेले ना, त्या कुरियरवाल्याकडे पार्सल सोडवायला, तर गोडाऊनच्या दारात उभी राहिले आणि कळलं, अरे, हा तर आपला गाळा. शटर तेच. भिंतीवर डांबराचा तो ओघळसुद्धा तसाच, वरून नुसता रंग मारलाय. घरी आले आणि पहिली ही वही काढली. तेव्हापासून कोणाला तरी सांगायचं म्हणून तुमची वाट बघतेय.

ऐका. एकोणनव्वद साल. मी एकवीस वर्षांची, बीएस्सी केमिस्ट्री, निकाल लागून महिना झालेला. ठाण्याची टीएमटी नुकतीच सुरू झालेली, बसेस अजून चकाचक. चेंदणीवरून निघायचं, स्टेशनला बस पकडायची आणि वागळे इस्टेटला उतरायचं. वारा त्या बाजूने असला की चॉकलेटच्या कारखान्याचा वास यायचा आणि दहा पावलांवर आमचा गाळा, तिथे डांबराचा वास. हे दोन्ही वास एकत्र कोणी घेतलेत का कधी? मला अजून चॉकलेट खाल्लं की डांबर आठवतं.

गाळा त्र्यंबक गुप्तेंचा. मी त्यांना काका म्हणायचे, पहिल्या दिवशी सर म्हटलं तर म्हणाले, सर शाळेत असतात. पन्नाशीचे, उंच, पांढराशुभ्र शर्ट, खिशात पांढराशुभ्र रुमाल. चांगली बड्या कंपनीतली नोकरी सोडून तीन वर्षं एकाच गोष्टीच्या मागे होते. लाकडाच्या गॅसवर डिझेल इंजिन चालवायचं. म्हणजे बघा, लाकडाचे तुकडे एका उंच भट्टीत अर्धवट जाळले, हवा मोजून दिली, की धुराऐवजी जळणारा गॅस निघतो. तो इंजिनला द्यायचा, डिझेल नावापुरतं. जिथे वीज नाही तिथे पंप चालेल, बर्फाचं मशीन चालेल. ऐकायला सोपं ना? पण त्या गॅसबरोबर डांबर येतं, वाफ होऊन. गरम असेपर्यंत दिसत नाही. इंजिनपर्यंत पोचलं, थंड झालं, की व्हॉल्व्हला असं चिकटतं की आमचा फिटर दामाजी ते छिन्नीने काढायचा आणि काढताना भट्टीला शिव्या द्यायचा, तिला सवत म्हणायचा.

मग उपाय काय, तर कॅटॅलिस्ट. शाळेत उत्प्रेरक म्हणून घोकलेलं, आठवतंय? गॅस लालभडक तापलेल्या एका हंड्यातून न्यायचा, हंड्यात असा पदार्थ भरायचा की त्याच्यावरून जाताना डांबराच्या वाफेचे तुकडे पडतील आणि त्यांचाही गॅसच होईल. पदार्थ स्वतः संपायला नको, नुसतं काम करून द्यायला हवं. काकांनी कुठूनशी निकेलची वडी मिळवलेली, खतांच्या कारखान्यातली वापरलेली. दीड दिवस झकास, मग काजळी धरून ठार. मग डोलोमाइट, म्हणजे खाणीतला एक दगड, तो भाजून भरला. तो काम करायचा, पण आम्हाला मिळालेला माल असा ठिसूळ की दोन दिवसांत हंड्यात नुसतं पीठ. पीठ झालं की गॅसला वाट नाही.

गॅस स्वच्छ झाला का, हे बघायची काकांची एकच पद्धत. नळी उघडायची आणि समोर स्वतःचा रुमाल धरायचा. रुमाल पांढरा राहिला पाहिजे. तो कधीच राहायचा नाही. ते डाग धुऊन निघत नाहीत, आणि रुमाल धुवायच्या सरोजकाकू. काकू वर्तकनगरच्या शाळेत मराठी शिकवायच्या, सकाळची शाळा. गाळ्यावर तीन वर्षांत एकदाही पाऊल टाकलेलं नाही. त्यांना गाळा नकोच होता. आणि त्यांचं चुकत होतं असं नाही म्हणणार मी. घर त्या एकट्या ओढत होत्या, आणि वर दर आठवड्याला दोन रुमाल वाया.

आता माझी आत्या, दगडाबाई. तुम्ही नाही पाहिलीत तिला. चेंदणी कोळीवाड्यात आमच्या शेजारच्या दारात राहायची, कासोटा घातलेलं लुगडं, आवाज असा की खाडीपलीकडे ऐकू जाईल. मी एका संध्याकाळी ओट्यावर माझा ड्रेस रॉकेलने घासत बसलेले, डांबराचा डाग. ती बघत होती. म्हणाली, होडीला लावायचं डांबर अंगाला का लावून येतेस रोज? मी सगळं सांगितलं, भट्टी, हंडा, पीठ होणारा दगड. तिला काय कळणार म्हणून मी आपली बडबडत होते. तिने विडा तोंडात ठेवला, चावला, आणि सहज म्हणाली, "आमी भट्टी लावायचू तवा जुन्या होरीच्या फल्या जालायचू, डांबराच्या. वर शिंपल्यांचा थर. काला धूर नाय यायचा कवा."

मी घासायची थांबले. तिच्या सासरी शिंपल्यांचा चुना भाजायचे, पिढ्यानपिढ्या. घरांना द्यायला, पानात खायला. खाली डांबर पाजलेल्या मोडक्या होड्यांच्या फळ्या, भाताचं तूस, वर शिंपल्या. डांबर जळायचं, पण धूर तापलेल्या शिंपल्यांमधून वर यायचा तो पांढरा. अरे, म्हणजे आमच्या हंड्यात जे व्हायला पाहिजे, ते तिच्या सासरच्या भट्टीत शंभर वर्षं होत होतं. फक्त त्याला कोणी कॅटॅलिस्ट म्हणालं नव्हतं.

मी दुसऱ्या दिवशी गाळ्यात शिरले ती ओरडतच. काका हसले नाहीत. ते आत्याला भेटायला आले, पांढऱ्या शर्टात, ओट्यावर मांडी घालून बसले आणि आत्या जे सांगेल ते लिहून घेत गेले. आत्याच्या आयुष्यात पहिल्यांदा कोणी तिचं बोलणं लिहून घेत होतं. ती जरा हळू बोलायला लागली.

पुढचे दोन महिने म्हणजे, काय सांगू. आत्या रोज कालवांच्या शिंपल्या जमवायची. पण सगळ्या नाही. पातळ टाकून द्यायची. कालवाचं बूड जिथे जाड असतं तेवढंच हातोडीने फोडून घ्यायची, बोराएवढे तुकडे. वाड्याच्या मागे भाजायची आणि भाजल्यावर प्रत्येक तुकडा दगडावर टाकून आवाज ऐकायची. वाजला तर ठेवायचा, बद्द बोलला तर टाकायचा. मी म्हटलं, आत्या, हे मोजायचं यंत्र असतं. ती म्हणाली, असूं दे. आणि तयार चुना रॉकेलच्या डब्यात, झाकण मेणाने बंद. पाण्याचा वारासुद्धा लागू द्यायची नाही. तिथेच मी नीट ऐकायला हवं होतं.

पहिल्यांदा हंडा भरून चालवला तो दिवस. अर्धा तास गॅस नुसता चिमणीवर जाळला, हंडा लाल होईपर्यंत. मग काकांनी नळी उघडली, रुमाल धरला. एक मिनिट, दोन मिनिटं. काढून बघितला तर पांढरा. म्हणजे अगदी परीटघडी नाही, पण पांढरा. दामाजीने तो हातात घेतला, उलटा केला, वास घेतला आणि काकांना परत देताना म्हणाला, साहेब, आज वहिनी तुम्हाला जेवायला देणार.

पण काकांनी तोवर घरी शब्द दिलेला होता. नाशिकच्या एका कारखान्यातून त्यांना बोलावणं आलेलं, मॅनेजर म्हणून. काकूंनी इतकंच म्हटलेलं की एक काहीतरी ठरवा. आणि काकांनी ठरवलेलं की सरकारी संस्थेची चाचणी होणार आहे, साठ तासांची. पास झालो तर गाळा राहील, नाही झालो तर दिवाळीआधी पाटी उतरवीन आणि नाशिकला जाईन. हे मला दामाजीने सांगितलं, आणि त्याला काकांनी. कारण गाळा गेला तर दामाजीला दुसरीकडे बघायला हवं ना. मला कोणी काही विचारलं नव्हतं. पण मला तर वाटायचं की जगात करण्यासारखं एवढं एकच काम आहे.

चाचणीला उत्तरा देवस्थळी मॅडम यायच्या, मुलुंडहून. चाळिशीच्या, चष्मा, कॉटनची साडी, फारसं बोलायच्या नाहीत. नियम साधे. रोज सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, असे सहा दिवस. हंड्यात पहिल्या दिवशी जेवढा चुना भरला तेवढाच, वरून भर घालायची नाही. खालच्या जाळीतून भुगा काढला तर चालेल. दर तासाला त्या गॅससमोर फिल्टर पेपरची चकती धरणार. ती कात्रीने अर्धी कापायची, अर्धी त्यांच्या वहीत, अर्धी आमच्या. तीच ही वही. आणि मर्यादा किती, तर त्यांनी एक रंगाचं कार्ड आणलेलं, पण दामाजीला समजावं म्हणून म्हणाल्या, दुधाच्या चहापेक्षा गडद झालं की थांबायचं. चार दिवस झाले. चाळीस तास. हे बघा ना, ही पानं, सगळ्या चकत्या कशा पांढऱ्या, फार तर सायीच्या रंगाच्या.

पाचवा दिवस दसरा. चाचणीला सुट्टी.

दसऱ्याला वागळे इस्टेट काय दिसायची, माहितीये? एरवी तेलकट, काळी. त्या दिवशी प्रत्येक गाळ्याला झेंडूचं तोरण, लेथला हळदकुंकू, ड्रिल मशीनला हार, फोर्कलिफ्टला आंब्याची पानं. कामगार बायकापोरांना घेऊन येणार, हे बघ, या मशीनवर मी असतो, असं दाखवणार. ती मशीनसुद्धा लाजल्यासारखी गप्प. मला तो दिवस दिवाळीपेक्षा आवडायचा.

आमच्याकडे दामाजीने पहाटे येऊन गाळा धुतलेला. इंजिनला हार, भट्टीला हार, सवत म्हणायचा त्याच भट्टीला स्वतःच्या हाताने कुंकू. आत्या येणार होती कालवांच्या टोपलीत फुलं घेऊन. आणि सगळ्यात मोठं म्हणजे सरोजकाकू आल्या. तीन वर्षांत पहिल्यांदा. मोरपिशी साडी, हातात पूजेचं ताट, मोठा नारळ, पाण्याने भरलेला तांब्या. दारात जरा थांबल्या, सगळीकडे बघितलं आणि काकांना म्हणाल्या, इतकं लहान आहे होय. काका त्यांना पट्टे, पाईप, काय वाट्टेल ते दाखवत सुटले.

मला इतका आनंद झालेला ना की मी जे केलं ते केलं. मला वाटलं, सगळ्या मशीनची पूजा होते आणि जो खरं काम करतो तो चुना बिचारा आत अंधारात. आत्याचा चुना. त्याला हळदकुंकू नको? मी पाना घेतला, हंड्याचे चार बोल्ट काढले, झाकण उघडलं. आत पांढरे तुकडे, कसे छान रचल्यासारखे. मी स्वतः वर हळदकुंकू वाहिलं. आणि काकू नारळ घेऊन विचारत होत्या की कुठे फोडू, तर मी, अरे मी, बीएस्सी केमिस्ट्री फर्स्ट क्लास, मी म्हटलं, काकू, इथे फोडा ना, हंड्याच्या काठावर, हाच आपला मुख्य.

काकूंनी फोडला. एका फटक्यात, दोन सरळ भकलं. पाणी सगळं आत. आणि नारळाचं पाणी चिकट राहतं, मुंग्या होतात, म्हणून त्यांनी घरी उंबऱ्यावर करतात तसं वरून तांब्याभर पाणी ओतलं. सगळा तांब्या, अगदी शेवटच्या थेंबापर्यंत, सावकाश, मनोभावे.

चार-पाच श्वास काहीच नाही. मग आतून एक बारीक आवाज, कढईत फोडणी बसते तसा. मग वाफ. पांढरी, सरळ वर, तोरणापर्यंत. दामाजीने चटकन हात जोडले. काकूंनी जोडले. काकांनीसुद्धा, बघा, डोळे मिटून. कोणाला तरी वाटलं की देवाने घेतलं. आणि मी तिथे उभी, आणि माझ्या डोक्यात नववीचं पुस्तक उघडलेलं, कळीचा चुना अधिक पाणी, उष्णता बाहेर पडते, चुना फुगतो, त्याचं पीठ होतं. पानसुद्धा आठवत होतं, उजव्या बाजूचं, खाली आकृती.

तेवढ्यात आत्या दारात आली, टोपली घेऊन. तिने वाफ बघितली आणि टोपली खाली ठेवली.

"कोनी पानी घातला त्याच्यान?"

ती हंड्याजवळ आली, आत डोकावली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "चुना मेला गो पोरी."

मी काय रडले. म्हणजे मोठ्याने नाही, नुसतं पाणी येत राहिलं. काकूंना समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा त्यांच्या हातातला तांब्या त्यांनी ताटात इतका हळू ठेवला, जणू आवाज झाला तर आणखी काही बिघडेल. त्यांना हा गाळा नको होता ना. आणि आता कोणी म्हटलं असतं की मुद्दाम केलं, तर काय सांगणार होत्या. मी म्हणत होते, माझी चूक, मी उघडलं, मी सांगितलं. त्या काही ऐकत नव्हत्या.

दामाजी मात्र कामाचा माणूस. तो म्हणाला, आत्याच्या घरी दुसरा डबा भरलेला आहे. मी रिक्षा आणतो, तासाभरात हंडा नवा भरू, मॅडम मुलुंडला पुरणपोळी खातायत, कोणाला कळतंय. आणि खरं सांगू, मला ते एकदम बरोबर वाटलं. तोच चुना, त्याच शिंपल्या, तीच आत्या. फसवणूक काय त्यात? मी काकांकडे बघितलं, ते हो म्हणतील म्हणून मनातल्या मनात देवाला नारळ बोलले. पुन्हा नारळच.

काका अजून हंड्यातच बघत होते. मग म्हणाले, "आपण कोणाचे साठ तास मोजतोय, दामाजी? चुन्याचे. चुनाच बदलला तर मोजलं काय?"

आणि कोपऱ्यावरच्या बूथवर जाऊन त्यांनी मॅडमना फोन केला. मी बरोबर होते. सगळं सांगितलं, नारळ, तांब्या, सगळं, फक्त कोणी फोडला ते नाही. "आमच्याकडून," एवढंच म्हणाले. तिकडून मॅडमनी सगळं लिहून घेतलं. मग म्हणाल्या की भर घालायची नाही हा नियम आहे, काढायचं नाही असा नियम नाही. जे उरलंय त्याच्यावर चालवा, मी उद्या सकाळी आठला येते.

मग दसऱ्याची दुपार आम्ही कशी घालवली माहितीये? आत्याने पदर खोचला. गरम होतं तोवर कोणाला हात लावू दिला नाही. थंड झाल्यावर दामाजीने खालची जाळी हलवायची, मी हंड्यावर लाकडी हातोडीने बारीक बारीक ठोकायचं, आणि खाली पांढरं पीठ पडायचं, पोतंभर वाटावं इतकं. पाणी ज्यांना लागलं ते फुगून पीठ झालेले. खालचे, कडेचे तुकडे वाचलेले. आत्या कान लावून ठोकण्याचा आवाज ऐकत होती आणि एका क्षणी म्हणाली, बस, आता उरले ते वाजतात. हंड्याचा तिसरा हिस्सा उरलेला. काकू तिथेच स्टुलावर बसून होत्या, मोरपिशी साडीवर चुना उडत होता, उठल्या नाहीत. मधेच सगळ्यांना चहा करून दिला, आमच्या त्या घाणेरड्या स्टोव्हवर.

दुसऱ्या दिवशी मॅडम आठला हजर. हंड्यात वाकून बघितलं, वहीत लिहिलं आणि मला विचारलं की उरलेल्यातली ओल कशी घालवणार. मी म्हटलं, सावकाश तापवून, दोन तास आधीपासून लावलंय, ओल निघाली की पुन्हा कळीचा चुनाच. त्या म्हणाल्या, हे तुला काल सकाळी आठवायला हवं होतं. रागाने नाही म्हणाल्या, पण मला आजही ते वाक्य आंघोळ करताना आठवतं.

एक्केचाळीस, बघा, पांढरी. बेचाळीस, पांढरी. तिसऱ्या हिश्श्यावर पन्नास तास झाले, ही साय, ही जरा पिवळसर. दामाजी प्रत्येक चकतीला म्हणायचा, अजून दूध जास्त आहे. शेवटच्या दिवशी सकाळी एक्कावन्न, बावन्न. काकांनी भार कमी केला, गॅस हळू सोडला, म्हणजे चुन्याला जरा वेळ मिळेल. चोपन्नला चकती बिस्किटाच्या रंगाची. पंचावन्नला इंजिनचा आवाज जरा घोगरा. दुपारी दोनला छप्पन्नावी. ही. ही बघा.

दुधाच्या चहापेक्षा गडद आहे ना? रघु, खोटं बोलू नकोस, आहे. मॅडमनी कार्डशेजारी धरली, पुन्हा धरली, खिडकीपाशी नेऊन धरली. त्यांनाही नको होतं, दिसत होतं. पण त्यांनी काही म्हणायच्या आत काकांनीच व्हॉल्व्ह बंद केला. इंजिन दोनदा धडधडलं आणि थांबलं. मॅडमनी कात्रीने चकती कापली, आमची अर्धी आम्हाला दिली, आणि त्यांच्या अहवालात काय लिहिलं ते वाचून दाखवलं. छप्पन्न तास, त्यातले सोळा एक तृतीयांश भरणावर. पाण्याचा अपघात. पुन्हा चाचणीस पात्र. पण साठ नाही.

त्या गेल्या. काकांनी दामाजीकडे दहा नंबरचा पाना मागितला. बाहेर जाऊन स्टुलावर चढले आणि पाटीचा पहिला बोल्ट सोडवायला लागले. मी स्टूल धरून उभी. दामाजी आतच, पाठ करून.

दुसरा बोल्ट सुटला, पाटी एका बाजूने लटकली, आणि रिक्षातून सरोजकाकू उतरल्या. शाळेतलं काम आटपून सरळ तिथेच आल्या होत्या, खांद्याला पर्स, हातात उत्तरपत्रिकांचा गठ्ठा. त्यांनी पाटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"किती झाले?"

"छप्पन्न," काका वरूनच म्हणाले. "चार कमी. शब्द दिलाय तुला."

काकू आत गेल्या. ही वही टेबलावरच होती. त्यांनी उघडली, एकेक पान उलटत शेवटपर्यंत आल्या, पहिल्यांदाच बघत होत्या ना, छप्पन्न चकत्या, पांढऱ्या, सायीच्या, चहाच्या. मी दारातून बघत होते. पर्समधून लाल पेन काढलं, पेपर तपासायचं. काहीतरी लिहिलं. मग वही हातात घेऊन बाहेर आल्या आणि स्टुलावरच्या काकांसमोर धरली.

"हे चार तास माझ्या नारळाचे आहेत. ते तुमच्या शब्दात धरायचे नाहीत. पाटी सरळ करा, वाकडी दिसते."

काका तिथेच, स्टुलावर, हातात पाना. मग त्यांनी खिशातला रुमाल काढला आणि मला वाटलं डोळे पुसतायत, तर चष्मा पुसत होते. बराच वेळ पुसत होते.

मग काय, नाशिकला नाही गेले. फेब्रुवारीत चाचणी पुन्हा झाली, सहाही दिवस झाकणाला कुलूप, किल्ली आत्याच्या कमरेला. साठच्या साठ झाले. नऊ संच गेले आमचे, एक बर्फाच्या मशीनला, दोन भाताच्या गिरणीला, बाकीचे आठवतही नाहीत. प्रत्येक संचाबरोबर चुन्याचा सीलबंद डबा आणि डब्यावर काकूंच्या अक्षरात एक सूचना, पूजा बाहेरून करावी. मी पाच वर्षं होते तिथे. लग्न ठरलं, डोंबिवलीला आले. त्र्याण्णवला आत्या गेली. तिच्यानंतर शिंपल्या वाजवून कोण बघणार? आणि खाडीचं पाणी असं झालेलं की कालवं धरायचीच बंद झाली. आम्ही खाणीच्या दगडावर परत आलो, चांगला दगड मिळाला तेव्हा, कामही केलं त्याने. पण रुमाल धरताना पूर्वीसारखं कोणी वाकून बघायचं नाही. चौऱ्याण्णवला काकांनी गाळा सोडला, पाटी घरी नेली. वर्तकनगरच्या त्यांच्या घरी ती कपाटामागे आहे, मी पाहिलीये. आणि निघताना वही मला दिली. म्हणाले, झाकण तू उघडलं होतंस, सांभाळायची तूच.

काल त्या गोडाऊनमध्ये पार्सल घेताना पोरगा म्हणाला, मॅडम, इथे सही करा. मी सही करत होते आणि माझं लक्ष जमिनीवर. शटरच्या कडेला, फरशीच्या सांध्यात, पांढरं काहीतरी घट्ट बसलेलं. झाडून निघत नाही असं. दसऱ्याच्या दुपारचं असेल, नसेलही. मी नखाने जरा खरवडलं. पोरगा बघत होता, वेडी आहे का बाई म्हणून.

आता हे शेवटचं पान बघा आणि मग पंखा लावा. छप्पन्न इथे संपतात. खाली चौकोन आखलेलेच होते, सत्तावन्न, अठ्ठावन्न, एकोणसाठ, साठ. रिकामे. आणि चारही चौकोनांत लाल शाईने, अगदी शाळेच्या फळ्यावर लिहितात तशा वळणदार अक्षरात, एकाखाली एक. नारळ. नारळ. नारळ. नारळ.